रीसेट करण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीत आमच्या शेजारच्या काकांचा इंटरनेट फोन मुका झाला. रात्रभर विजेची ये-जा चालली होती. सकाळी डायल टोन येईना. काकांनी टाचणी घेतली आणि अडॅप्टरच्या मागच्या बारीक भोकातील बटण दाबून धरले. दिवे लुकलुकले, पण टोन आला नाही. परदेशातील मुलाकडेही असाच अडॅप्टर. त्याच्याशी बोलणेच थांबले. असे का झाले?

अडॅप्टरला आपला साधा टेलिफोन जोडलेला असतो. त्यातून येणारा आवाजाचा विद्युत्संकेत अडॅप्टर सर्वसाधारणपणे सेकंदाला ८००० वेळा मोजतो. प्रत्येक माप ८ बिटांत मांडले, तर सेकंदाला ६४,००० बिट होतात. त्यांची पाकिटे करून ती इंटरनेटवरून धाडली जातात. पण पाकिटावर पत्ता हवा! सर्व्हरचा पत्ता, खात्याचे नाव, पासवर्ड या साऱ्यांना सेटिंग्ज म्हणतात.

सेटिंग्ज साठवतात फ्लॅश स्मृतीत. ही स्मृती १९८० च्या दशकात जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधली. तिच्या प्रत्येक घरात चहूबाजूंनी विद्युत्‌रोधकाने वेढलेला एक कप्पा असतो. रोधकाचा थर मिलिमीटरच्या सुमारे एक लाखांश जाडीचा! कप्प्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन वीज गेली तरी वर्षानुवर्षे तेथेच राहतात. ते काढायला जादा व्होल्टेज लागते आणि ते चिपमध्येच तयार केले जाते.

म्हणजे वीज गेल्याने काकांची सेटिंग्ज पुसली नव्हती. बिघडला होता तो राउटर. बटण दाबून धरल्यावर मात्र अडॅप्टरने स्वतःच तो भाग पुसला आणि कारखान्यातील मूळ मांडणी परत आणली. तिच्यात काकांचे खाते कोठून असणार?

एखाद्या कंपनीशी बांधलेला अडॅप्टर असता, तर त्याने कंपनीच्या सर्व्हरकडून सेटिंग्ज बहुधा आपोआप परत आणली असती. काकांचा अडॅप्टर अनलॉक्ड, म्हणजे कोणत्याही सेवेला जोडता येणारा होता. अशा अडॅप्टरची नोंद मालकानेच ठेवायची असते. ती अशी:

१. आधी राउटर व तारा तपासा. अडॅप्टरची वीज अर्धा मिनिट बंद करून पुन्हा सुरू करा. याने सेटिंग्ज जात नाहीत.

२. संगणकाच्या ब्राउझरमध्ये अडॅप्टरचे पान उघडा. सेटिंग्जची फाइल उतरवण्याची सोय असल्यास ती संगणकावर ठेवा.

३. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या व महत्त्वाच्या नोंदी वहीत लिहा. एका अडॅप्टरची फाइल दुसऱ्या प्रकारच्या अडॅप्टरला चालेलच असे नाही. वही मात्र कोठेही चालते.

४. पासवर्ड पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात दिसतो. छायाचित्रात ठिपकेच येतात, आणि कित्येकदा फाइलमध्येही तो नसतो. तो आपल्याजवळ आहे ना, याची रीसेटपूर्वीच खात्री करा.

५. वही व फाइल जपून ठेवा. त्या हाती पडल्यास दुसरा कोणीही तुमचे खाते वापरू शकेल.

काकांकडे बाकी सारे लिहिलेले होते, फक्त पासवर्ड नव्हता. काही सेकंदांत पुसलेली ही नोंद परत मिळवायला चार दिवस लागले.

विचार करा: वीज गेली की विजेवर चालणाऱ्या काही अंकी घड्याळांतील वेळ जाते, पण अडॅप्टरमधील सेटिंग्ज राहतात. असे का?