समुद्राकडे पाठ करून चंद्रोदय

कोकणात किनाऱ्यावरून चंद्रोदय टिपायचा तर समुद्राकडे पाठ करावी लागते. आपला समुद्र पश्चिमेला. चंद्र येणार माडांच्या आणि डोंगरांच्या मागून. पाण्यातून वर येणारा तांबूस गोळा पुरी किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावर मिळेल, गुहागरला नाही. हे एकदा मान्य केलं की फोटोची जुळवणी सोपी होते.

आधी दिवस निवडा. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. गावामागचा सडा १०० मीटर उंच आणि किलोमीटरभर लांब असेल, तर चंद्र सहाएक अंश चढल्यावरच दिसणार, म्हणजे सुमारे २५ मिनिटं उशिरा. पौर्णिमेला तोवर काळोख झालेला असतो. मग चंद्र नीट आला तर माड काळेठिक्कर, आणि माड उजळले तर चंद्राच्या जागी नुसती पांढरी टिकली. त्यामुळे मी तरी चतुर्दशीची संध्याकाळच धरतो. चंद्र आदल्या दिवशी साधारण ५० मिनिटं आधी उगवतो आणि सड्यावर डोकावतो तेव्हा उजेड शिल्लक असतो.

आता उभं कुठं राहायचं? चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या ११० पट अंतरावरून पाहिली की ती चंद्राएवढी दिसते. तीन मीटरच्या कळसामागे कळसाएवढाच चंद्र हवा, तर साधारण ३३० मीटर मागं जा आणि लांब पल्ल्याची लेन्स लावा. जवळ उभं राहून मोठा चंद्र मिळत नाही.

पण किनाऱ्यावर मागं सरायचं म्हणजे पाण्यात जायचं. इथं ओहोटी मदतीला येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्दशीला तो साडेदहा देतो. प्रत्यक्षात थोडं मागंपुढं होतं, पण संध्याकाळी पाणी उतरलेलं असणार हे नक्की. पुळण रुंदावते, ओल्या वाळूत आभाळ उतरतं आणि चंद्राखालच्या अर्ध्या चौकटीत काय दाखवायचं हा प्रश्न मिटतो. ट्रायपॉडचे पाय मात्र ओल्या वाळूत हळूहळू रुततात. खाली फळकुटाचे तुकडे ठेवा.

अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. तिथून गावावर उगवणारा चंद्र छान दिसेल, असं वाटणं साहजिक आहे. जाऊ नका. तुम्ही फोटोत गुंतलेले असताना उधाणाचं पाणी परतीची वाट बुडवतं. खडकांवर उभं राहणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

पाण्यावरच चंद्रोदय हवा असेल तर खाडीच्या मुखाशी जा. दाभोळला वाशिष्ठीच्या किंवा विजयदुर्गला वाघोटणच्या मुखाशी, पूर्वेकडे तोंड करून. होड्या, जेटी, पलीकडचे दिवे आयते मिळतात. मुंबईकरांना गेटवेचा धक्का आहे: तिथं पाणी पूर्वेला, आणि हिवाळ्यातला पूर्ण चंद्र घारापुरीच्या बाजूनं वर येतो. उन्हाळ्यात तो बराच दक्षिणेला सरकतो, त्यामुळे डिसेंबरात हेरलेली जागा मे महिन्यात चालत नाही. ट्रायपॉड उघडल्यावर कुणी हटकलं तर वाद घालू नका. कठड्यावर बॅग ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा.

सुरुवातीला एफ ८, आयएसओ २०० आणि १/६० सेकंद ठेवून पाहा. चंद्र वर चढेल तसा प्रखर होतो, म्हणून शटरचा वेग वाढवत न्या. दर दोन मिनिटांना तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. २०० मिमीच्या लेन्सनं पाव सेकंदाहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलंत तर कडा फिसकटतात. मोबाइलवर चंद्राला बोट लावून उजेड कमी करा, पण त्यात चंद्र बारीकच येणार. तेव्हा माडांची रांग किंवा ओढून ठेवलेली होडी हाच विषय समजा.

समुद्रावर चंद्र हवाच असेल तर पौर्णिमेच्या रात्री झोपून पहाटे उठा. तेव्हा तो पश्चिमेला, थेट पाण्यावर उतरत असतो आणि चांदण्याचा पट्टा तुमच्या पायांपर्यंत येतो. फार उशीर करू नका, कारण हिवाळ्यात तो क्षितिजाला टेकण्याआधीच धुरकटात विरतो. वेळास-आंजर्ल्याकडे असाल तर कासवांच्या हंगामात फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा. उजेडानं अंडी घालायला आलेली मादी मागं फिरते, पिल्लंही भरकटतात.