ट्रायलच्या कागदावर सही करण्याआधी

‘मोठ्या दवाखान्यात ट्रायलमध्ये याल का म्हणतात, जाऊ का?’ चाकण, भोसरीकडचे पेशंट असं विचारतात तेव्हा मी आधी वढूचं सांगतो.

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आहे. तान्ह्या बाळांच्या जीवघेण्या जुलाबांवरची रोटाव्हॅक लस दिल्ली, पुणे आणि वेल्लोरला तपासली गेली, तेव्हा पुण्याचं काम याच केंद्राने केलं. तिन्हीकडची मिळून 6,799 बाळं होती. दर तिघांतल्या एकाला लशीसारखे दिसणारे, पण लस नसलेले थेंब मिळाले, आणि कुणाला काय मिळालं हे पालकांनाही माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही. पहिल्या वर्षी रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या गंभीर जुलाबांपासून सुमारे 56 टक्के संरक्षण दिसलं. 2016 मध्ये ती सरकारी लसीकरणात आली. पुणे जिल्ह्यातच गोवराची श्वासावाटे घ्यायची लसही सुमारे 2,000 बाळांवर तपासली होती. ती इंजेक्शनपेक्षा कमी पडली. तेही कळणं गरजेचंच होतं.

म्हणून आधी हे पक्कं समजा, की नवं औषध तुम्हाला मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी गुण येईलच असं नाही.

तरीही जायचं असेल तर जरूर जा, मात्र सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागून घ्या. 2009 पासून ही नोंदणी सक्तीची आहे. तिच्या वेबसाइटवर आजाराचं नाव टाकून कोणत्या रुग्णालयात काय चालू आहे, हेही शोधता येतं. माहितीपत्रक तुम्हाला कळणाऱ्या भाषेतच हवं. ते घरी नेऊन घरच्यांसोबत वाचा. ठेकेदार किंवा सुपरवायझर म्हणतो म्हणून सही करू नका, हे कंत्राटी कामगारांना मी कळकळीने सांगतो. मधूनच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर 2019 च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि भरपाई मिळते.

नाइट शिफ्ट असेल तर उपाशीपोटी रक्त द्यायच्या तारखा आधीच विचारा, प्रवासखर्चाचंही बोलून घ्या. बीपी-शुगरच्या चालू गोळ्या मनाने बंद करू नका, आणि एकही गोळी लपवू नका. त्याने धोका वाढतो.

कुणी ट्रायलच्या औषधाचे पैसे मागितले तर सही थांबवा आणि रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीला फोन करा. नंबर माहितीपत्रकावर असतो.