वेसूवियसच्या मुखाशीं

भूगोलाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला, "ज्या डोंगरानें पाँपेई शहर गाडून टाकलें, त्याच डोंगराच्या तोंडाशीं लोक देखावा पाहावयास जातात, हें शहाणपणाचें आहे काय?" प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर एका वाक्यांत देणें आम्हांस त्या वेळीं साधलें नाहीं. म्हणून तें येथें विस्तारानें देत आहों. परंतु विद्यार्थिमित्रहो, उत्तराकडे वळण्यापूर्वीं आपण मनानें एकदां तो डोंगर चढून जाऊं.

वेसूवियस इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, नेपल्स शहराच्या पूर्वेस, समुद्राच्या अगदीं जवळ उभा आहे. त्याची उंची १२८१ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षां तो बराच ठेंगणा. दुरून पाहतां त्यास दोन शिखरें दिसतात. उत्तरेकडील कड्यास सोम्मा म्हणतात. तो एका पुरातन, मोठ्या ज्वालामुखीचा उरलेला कांठ होय. त्या जुन्या मुखाच्या पोटांत मागाहून जो नवा शंकु वाढला, तोच आजचा वेसूवियस.

वाहनांचा रस्ता सुमारे १००० मीटर उंचीपर्यंत जातो. पुढें पायींच चढावें लागतें. सन १८८० मध्यें येथें दोरानें ओढावयाची आगगाडी सुरू झाली होती, व तिच्यावर रचलेलें एक गाणें जगभर गाजलें. परंतु १९४४ च्या उद्रेकांत ती नष्ट झाली. वाट रुंद व नागमोडी आहे. मात्र पायाखालीं माती नसून राख व रेव आहे. खालच्या बाजूस १९४४ सालच्या लाव्हाचा थिजलेला प्रवाह दिसतो. त्याच्या काळ्या खडकावर करड्या रंगाचें दगडफूल पसरलें आहे. उजाड लाव्हावर प्रथम वस्तीस येणारी वनस्पति हीच. तिच्यामागून गवत, झुडुपें व शेवटीं वृक्ष येतात.

कांठावर पोहोंचलों कीं पुढें एकाएकीं भूमि संपते. सुमारे ३०० मीटर खोल व अर्ध्या किलोमीटराच्या आसपास रुंद असें तें मुख आहे. आंत ज्वाळा नाहींत, उकळता रस नाहीं. तांबूस, पिवळे, करडे थर एकावर एक रचलेले दिसतात, आणि भिंतीच्या भेगांतून वाफेचे बारीक धूर वर येतात. तेवढ्यावरूनच ओळखावें कीं, घरधनी झोंपला आहे, घर सोडून गेलेला नाहीं.

आतां पाठ फिरवून समुद्राकडे पाहूं. नेपल्सचा निळा उपसागर, त्याच्या मुखाशीं काप्री व इस्किया हीं बेटें, दक्षिणेस सोरेंटोची डोंगररांग, आणि किनाऱ्याला लागून घरांची एकच दाट गर्दी. आग्नेयेस पाँपेईचे अवशेष. देखावा अप्रतिम आहे यांत शंका नाहीं. परंतु येथेंच आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हां उभा राहतो.

प्राचीन काळीं हा डोंगर आजच्याहून सुंदर होता. इसवी सनापूर्वीं ७३ मध्यें स्पार्टाकस नांवाच्या बंडखोर गुलामानें आपल्या सोबत्यांसह याच डोंगराचा आश्रय केला. रोमन सैन्यानें वाट अडविली, तेव्हां त्यांनीं रानद्राक्षांच्या वेलींचे दोर वळले व कड्यावरून उतरून शत्रूस पाठीमागून गांठलें. इतकी ती हिरवळ दाट होती. पुढें स्ट्राबो नांवाच्या ग्रीक भूगोलवेत्त्यानें या डोंगराचें वर्णन केलें. उतारांवरील सुपीक शेतें इतरांप्रमाणें त्यानेंही पाहिलीं. पण माथ्यावरचे राखेच्या रंगाचे, छिद्रें पडलेले, भाजल्यासारखे दगडही त्याच्या नजरेंतून सुटले नाहींत. त्यावरून त्यानें अनुमान केलें कीं, येथें पूर्वीं अग्नि असला पाहिजे. त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांच्या आंतच, इसवी सन ७९ मध्यें, तो अग्नि जागा झाला. पाँपेई व हर्क्युलेनियम हीं नगरें गाडलीं गेलीं. उपसागरापलीकडून सतरा वर्षांचा एक मुलगा, धाकटा प्लिनी, तो प्रचंड ढग पाहत होता. वर जाऊन फांद्या पसरणाऱ्या पाइनच्या झाडाशीं त्यानें त्याची तुलना केली. त्याचे मामा, थोरले प्लिनी, लोकांच्या साहाय्यार्थ जहाजें घेऊन गेले आणि किनाऱ्यावरच मरण पावले. त्या मुलानें पुढें टॅसिटस या इतिहासकारास लिहिलेलीं पत्रें आजही शास्त्रज्ञ अभ्यासतात.

हें घडतें कसें? भूगर्भांतील तप्त रसांत पाण्याची वाफ व इतर वायु मुरलेले असतात. रस वर येतो तसतसा त्यावरील दाब कमी होतो व वायु सुटूं लागतात. सोडावॉटरच्या बाटलीचें बूच काढतांच जो फेंस उसळतो, त्याचेंच हें भयंकर रूप. फेंसाळलेला रस फुटून त्याची राख व हलका सच्छिद्र दगड बनतो, आणि हाच तो स्ट्राबोनें पाहिलेला दगड.

माणसाची स्मरणशक्ति मात्र आंखूड असते. सन १६३१ पूर्वीं डोंगर इतका दीर्घकाळ निजला होता कीं, मुखाच्या आंत झाडी वाढली होती व गुरें चरत होतीं. त्या वर्षीं डिसेंबरांत तो उसळला व हजारों माणसें मेलीं. त्यानंतर पोर्तिची गांवीं एक शिलालेख बसविण्यांत आला. त्यांत पुढील पिढ्यांस उद्देशून इशारा दिला आहे कीं, डोंगर खवळला म्हणजे मालमत्तेचा मोह न धरितां पळून जा. आज त्याच पायथ्याशीं, सर्वांत अधिक धोक्याच्या पट्ट्यांत, सुमारे सात लक्ष लोक राहतात. राखेची जमीन जर्दाळू व टोमॅटो उत्तम पिकविते, हेंही त्याचें एक कारण.

आणखी एक प्रसंग विद्यार्थ्यांनीं विशेषतः लक्षांत ठेवावा. सन १८४१ मध्यें वेसूवियसच्या उतारावर वेधशाळा स्थापन झाली. ज्वालामुखीच्या अभ्यासासाठीं स्थापन झालेली ती जगांतील पहिली. सन १८७२ च्या एप्रिलांत लाव्हा वाहूं लागला, तेव्हां तो देखावा पाहावयास रात्रीं अनेक लोक वर गेले. त्यांत वैद्यकाचे तरुण विद्यार्थीही होते. अकस्मात् नवी भेग फुटली व त्यांतील कित्येक जागींच मरण पावले. त्याच वेळीं वेधशाळेचे प्रमुख लुइजी पाल्मिएरी हेही डोंगरावरच होते, व उद्रेक चालू असतां आपलें स्थान न सोडतां यंत्रांवरील नोंदी करीत राहिले. डोंगर एकच, रात्रही एकच. परंतु कांहीं जण केवळ पाहावयास गेले होते, आणि एक जण निरीक्षण करावयास थांबला होता. धोका त्यांसही होताच; पण त्यांच्यासारख्यांच्या नोंदींतूनच आज भूकंपाचे बारीक धक्के, जमिनीची हालचाल व वायूंचें मान पाहून लोकांस वेळेवर सूचना देण्याचें शास्त्र उभें राहिलें.

तर मग विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हें. डोंगर निजलेला असतां व जाणत्यांची अनुज्ञा असतां त्यावर चढावें, देखावाही पाहावा. मात्र देखावा पाहून परतणारा अर्धेंच पाहून परततो. पायाखालचा दगडही पाहिला पाहिजे.

त्यासाठीं इटलीस जावयास नको. आपला सह्याद्रि ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तोही एके काळीं वाहता अग्नि होता. सुमारे ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं तो लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरला. म्हणून येथें वेसूवियससारखा शंकु दिसत नाहीं. उलट बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें वाटोळें विवर ज्वालामुखीचें मुख असावें असें पूर्वीं पुष्कळांस वाटे. परंतु तेथील खडकांच्या परीक्षेवरून तें उल्केच्या आघातानें झाल्याचें ठरलें. म्हणजे खळगा नाहीं तेथें अग्नि होता, आणि खळगा आहे तेथें तो कारण नव्हता! डोळ्यांस जें दिसतें त्याची साक्ष दगडाकडून घ्यावी लागते ती अशी.

पुढील सहलींत प्रत्येकानें डोंगरावरून एक दगड आणावा, त्याचा रंग, वजन व छिद्रें पाहून वहींत नोंद करावी, आणि मग आम्हांस पुढचा प्रश्न विचारावा.