डासांना औषधाची सवय होते का?

हॉस्टेलमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "या डासांना आता लिक्विडची सवय झालीय!" खरं तर डासाला सवय होत नाही, डासांची निवड होते.

समजा, १००० डासांपैकी ९९० औषधाने मेले. उरलेल्या दहापैकी काहींच्या जनुकांत जन्मतःच फरक होता. पुढची पिढी वाढते ती त्यांचीच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आपल्या एका सेमिस्टरमध्ये त्यांच्या कितीतरी पिढ्या होतात!

हा फरक नेमका कुठे असतो? डीडीटी आणि कॉइल-लिक्विडमधली पायरेथ्रॉइड औषधं डासाच्या चेतापेशीतल्या सोडियम चॅनलवर काम करतात. हे दार उघडंच अडकून राहतं आणि डास तडफडून मरतो. दाराची रचना जरा बदलली, की औषध तिथे नीट बसत नाही. काही डासांत औषधाचे तुकडे करणारी एन्झाइम्सही जास्त असतात. दार एकच असल्यामुळे डीडीटीला दाद न देणारा डास कधीकधी नव्या लिक्विडलाही दाद देत नाही.

आपल्या देशाने याची किंमत मोजली आहे. १९४७ मध्ये मलेरियाचे रुग्ण अंदाजे साडेसात कोटी होते. १९५३ पासून डीडीटी फवारणीची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि १९६५ पर्यंत आकडा एक लाखाच्या आसपास आला. पण १९७६ मध्ये तो पुन्हा ६४ लाखांवर गेला! कारणं अनेक होती, त्यातलं एक मोठं कारण म्हणजे डासांची प्रतिकारशक्ती.

मग उपाय काय? १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल दिला, तेव्हा डीडीटी वापरातही नव्हतं. त्यांनी बोट दाखवलं ते शहरातल्या विहिरींकडे. वसईत आमच्या होळीकडेही विहिरी आणि बावखलं आहेत. अशा पाण्यात गप्पी मासे सोडले, की ते अळ्या खाऊन टाकतात.

फॉगिंगचा धूर फक्त उडणाऱ्या डासांना लागतो, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. त्यामुळे वॉर्डनकडे फॉगिंगची मागणी करण्याआधी गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट बसवून घेऊया. आठवड्यातून एक दिवस बादल्या, कूलर रिकामे करून आतून घासूया, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात. रात्री मच्छरदाणी लावूया. औषध लागेल तेव्हा वापरूच, पण रोज रात्रभर जाळून त्याची धार घालवायला नको. साथ आली, की तेच औषध उपयोगी पडायला हवं.