जुना पॉवर टिलर घ्यावा, पण तेल पाहून

कोकणातल्या भातखाचरांत मोठा ट्रॅक्टर वळत नाही. बांध जवळजवळ आणि वाट अरुंद. तेथे कामाला येतो तो पॉवर टिलर. १९६७ साली बंगळूरला व्ही. एस. टी. कंपनी सुरू झाली, तिने जपानच्या मित्सुबिशीचे तंत्र आणले. १९७३ साली केरळ सरकारची कामको निघाली. अशा कंपन्यांचे जुने टिलर आजही गावोगावी पडवीत गंजत उभे दिसतात. नवा घ्यायचा तर दीड लाखाच्या पुढे जातो. म्हणून जुना घेऊन घरीच उभा करावा, असा विचार अनेकांच्या मनात येतो. मीही तो केला. त्यात काय शिकलो ते हिशोबासह मांडतो.

घेताना काय पाहावे

विकणारा म्हणाला, "शेठ, फक्त पट्टे गेले आहेत." मी रंग पाहिला, टायर पाहिले आणि २६,००० रुपये मोजले. घरी आणून इंजिनच्या तळाचा नट सैल केला तर तेल दूध घातलेल्या चहासारखे बाहेर आले. म्हणजे तेलात पाणी. या इंजिनात लायनरच्या भोवती पाणी खेळते व खाली रबरी रिंगा ते अडवतात. रिंगा कुजल्या किंवा हेडची पॅकिंग गेली की पाणी तेलात उतरते आणि बेअरिंग खाते. हे काम पाच मिनिटांत विकणाऱ्याच्या अंगणातच करता आले असते.

तेव्हा खरेदीआधी पाच गोष्टी पाहाव्यात. एक, तेल काढून पाहणे. दोन, हँडल मारून पाहणे. इंजिनने दाब धरला पाहिजे व नोझलचा कर्र आवाज आला पाहिजे. तीन, गिअरबॉक्सच्या बॉडीवर वेल्डिंग आहे का. चार, दोन्ही बाजूंचे वळणाचे क्लच सुटतात का. पाच, रोटरीचा शाफ्ट हाताने हलवून त्यात खेळ किती आहे. परदेशी टिलर असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने टिलर व त्याच्या मुख्य भागांच्या आयातीवर निर्बंध आणले. त्यामुळे सुटे भाग बाजारात मिळतात का, याची आधी चौकशी करावी.

कामाचा क्रम

पिस्टन अडकला असेल तर हातोडा मारू नये. डिझेल व इंजिन ऑइल मिसळून सिलिंडरमध्ये सोडावे, दोन दिवस थांबावे आणि फ्लायव्हील हाताने थोडे मागे-पुढे करावे. सुटतो. मग हेड उघडून लायनर, पिस्टन, रिंगा पाहाव्यात. पाण्याच्या टाकीतला क्षार खरवडून काढावा, नाहीतर नवे लायनरही तापेल. डिझेलची टाकी धुवावी, फिल्टर बदलावा व पाइपमधली हवा काढावी. नोझल आणि पंप मात्र घरी उघडू नयेत. ते पंपवाल्याकडेच द्यावेत. पट्टे तिन्ही एकदम बदलावेत. एक नवा व दोन जुने घातले तर सारा भार नव्यावर येतो. पहिल्या पंचवीस तासांनी तेल पुन्हा बदलावे. रोटरीच्या पात्यांत अडकलेले गवत इंजिन बंद केल्याशिवाय काढू नये. बोटे परत बसवता येत नाहीत.

हिशोब

लायनर-पिस्टन संच व पॅकिंग ७,८००, नोझल-पंप २,७००, पट्टे, सील, बेअरिंग ४,६००, पाती २,४००, लेथ व मिस्त्री ५,५००, तेल, रंग १,९००. एकूण २४,९००. वाहतूक २,५००. खरेदी धरून ५३,४०० रुपये.

पावसाआधी एक शेतकरी घ्यायला आला. ६६,००० वर बोलणे ठरत होते. गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूला तडा होता, तो मी वेल्डिंग करून घेतला होता व वर रंग दिला होता. धाकटे बंधू हळूच म्हणाले, "भाईजान, रंगाखाली दिसत नाही." खरे होते. मला तो पट्ट्यांचा सौदा आठवला. मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. आपण कापडाच्या ताग्यातला डाग गिऱ्हाइकाला उलगडून दाखवतो. यंत्राला वेगळा कायदा नाही. मी टिलर कलता करून वेल्डिंग दाखवले. सौदा ६०,००० वर आला.

वहीत नफा ६,६०० दिसतो. पण माझे अकरा रविवार गेले. दिवसाला ७०० मजुरी धरली तर ७,७०० होतात, म्हणजे खरे तर १,१०० चा तोटा. हा तोटा ऐब सांगितल्याने झाला असे कोणी समजू नये. तो पहिल्या दिवशीच झाला होता, तेल न पाहता २६,००० मोजले तेव्हा. नफा विक्रीत नसतो, खरेदीत असतो.

स्वतःच्या शेतासाठी जुना टिलर उभा करणे आजही परवडते. धंदा म्हणून करायचा तर घेताना डोळे उघडे ठेवावेत आणि विकताना तोंड उघडे ठेवावे. तो शेतकरी पुढच्या हंगामात आपल्या भावाला घेऊन आला आणि विचारू लागला, "शेठ, दुसरा टिलर आहे का?"