तोच पाय, तीच दुखापत

वाशीम जिल्ह्यात जून महिना सरत आला की पाऊस आणि शाळा या दोन गोष्टी जवळजवळ बरोबरच सुरू होतात. विदर्भाचा उन्हाळा कडक. म्हणून येथील शाळा राज्याच्या इतर भागांतील शाळांपेक्षा उशिरा उघडतात. शाळा उघडून थोडे दिवस लोटतात न लोटतात तोच शालेय क्रीडास्पर्धांचे वारे वाहू लागते. फुटबॉलच्या सुब्रतो चषक स्पर्धेचे सामने तर बहुधा ऐन पावसाळ्यातच होतात. जिल्ह्यात जिंकलेला संघ अमरावती विभागाच्या स्पर्धेत जातो आणि तेथे जिंकला तर राज्याच्या स्पर्धेत. त्यामुळे शाळा कारंज्याची असो की रिसोडची, मानोऱ्याची असो की मालेगावची, उन्हाच्या तडाख्याने ज्यांचा सराव दोन महिने बंद होता, अशी मुले एकाएकी सकाळ-संध्याकाळ धावू लागतात.

अशा वेळी एखाद्या संघाची मोठी परवड होते. पहिल्याच सामन्यात एकाचा घोटा मुरगळतो. सराव करताना दुसऱ्याच्या मांडीत कळ येते. आठ दिवसांनी पहिला मुलगा मोठ्या उत्साहाने मैदानात उतरतो आणि त्याच पायावर पुन्हा कोसळतो. शेजारच्या शाळेचा संघ मात्र धडधाकट असतो. मग पारावर बोलणी सुरू होतात. कोणी म्हणतो, पोरांना नजर लागली; कोणी म्हणतो, या संघाच्या मागे साडेसातीच आहे.

ही बोलणी केवळ पारावरच होतात असे नाही. युरोपात फुटबॉलचे मोठमोठे क्लब आहेत. त्यांच्याजवळ पैशाला तोटा नाही, डॉक्टरांना तोटा नाही. तरीही त्यांतील काही संघांचे खेळाडू वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जायबंदी होतात आणि त्यांचे चाहतेही दैवालाच दोष देतात. खेळ म्हटला की थोडीफार इजा आलीच, हे खरे. युरोपातील मोठ्या क्लबांच्या दुखापतींची मोजदाद २००१ सालापासून पद्धतशीरपणे होत आली आहे. पंचवीस खेळाडूंच्या संघाला एका हंगामात सुमारे पन्नास दुखापती होतात, असे त्या मोजदादीत आढळले. परंतु सर्वच संघांच्या वाट्याला त्या सारख्या येत नाहीत. एकाला पुष्कळ आणि दुसऱ्याला थोड्या, असे का व्हावे?

या प्रश्नाचा पिच्छा पुरवणाऱ्यांत स्वीडन देशाचे यान एकस्ट्रांड हे शल्यविशारद प्रमुख होत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या देशातील बारा फुटबॉल संघ निवडले. त्यांत एकूण १८० खेळाडू होते. निम्मे संघ नेहमीप्रमाणे खेळत राहिले. उरलेल्या संघांसाठी काही नियम घालून दिले. सराव नीट आखायचा, पादत्राणे योग्य ती वापरायची, ज्याचा घोटा पूर्वी मुरगळला असेल त्याने तो पट्टीने बांधूनच खेळायचे, आणि दुखापत झालेल्या खेळाडूला वैद्यकीय अनुज्ञेशिवाय मैदानात उतरू द्यायचे नाही. आडदांडपणे खेळू नये, हेही समजावून सांगितले. सहा महिन्यांनी दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा नियम पाळणाऱ्या संघांत दुखापती तीन चतुर्थांशांनी कमी झालेल्या दिसल्या! हा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्या संघांचे ग्रह बदलले नव्हते. बदलली होती ती त्यांची रीत.

एकस्ट्रांड यांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसून आली. एखाद्या खेळाडूला किरकोळ इजा होई. तो चार दिवस लंगडे, मग खेळू लागे. आणि दोन महिन्यांच्या आत त्यालाच मोठी दुखापत होई. किरकोळ इजा ही जणू पुढे येणाऱ्या संकटाची वर्दीच होती, परंतु ती वर्दी कोणी ऐकत नसे.

असे का घडते, हे समजण्यासाठी घोट्याची रचना थोडी पाहावी लागेल. घोट्याची हाडे चिवट अशा बंधांनी एकमेकांशी जखडलेली असतात. पाय वेडावाकडा पडला की हे बंध ताणले जातात, कधी त्यांतील काही तंतू तुटतात. घोटा सुजतो, ठणकतो. विश्रांती घेतली की सूज उतरते आणि ठणका थांबतो. पण ठणका थांबला म्हणजे बंध पूर्ववत झाले, असे नव्हे. त्याला पुष्कळ आठवडे लागतात. शिवाय या बंधांना आणखी एक काम असते. पाय कसा पडला आहे, किती कलला आहे, याची खबर ते मज्जातंतूंच्या द्वारे क्षणोक्षणी मेंदूकडे धाडीत असतात. म्हणूनच अंधारात दगडावर पाय पडला तरी माणूस आपोआप तोल सावरतो. मुरगळलेल्या घोट्याची ही खबर काही काळ उशिरा पोहोचते. खेळाडू चेंडूवर डोळे रोखून धावत असतो, पाय कलतो, मेंदूला कळेपर्यंत तो पडलेलाही असतो. घोटा मुरगळण्याच्या कारणांत ‘पूर्वी मुरगळलेला असणे’ हे फार मोठे कारण आहे, ते यामुळेच.

स्नायूंचेही असेच. मांडीच्या मागच्या बाजूचा स्नायू वेगाने धावताना फार ताणला जातो. तेथील तंतू एकदा तुटले की त्यांच्या जागी प्रथम कच्ची सांधजोड होते. कापडाला रफू करावे तशीच ती असते; ती पक्की होण्यापूर्वी ओढ बसली की रफूच्या कडेनेच कापड पुन्हा फाटते. हा स्नायू बळकट करण्याचा एक साधा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहावयाचे, सोबत्याने मागून दोन्ही घोटे घट्ट धरावयाचे, आणि पाठ ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकत जावयाचे. डेन्मार्कमधील पन्नास संघांवर याचा प्रयोग झाला व तो २०११ साली प्रसिद्ध झाला. हा व्यायाम करणाऱ्या संघांत मांडीच्या मागच्या स्नायूच्या १५ दुखापती झाल्या. न करणाऱ्यांत ५२. ज्यांना पूर्वी ही दुखापत झाली होती, त्यांना तर याचा सर्वांत अधिक लाभ झाला. या व्यायामाला ना यंत्र लागते ना पैसा. लागतो तो एक सोबती.

यंत्रे आणि पैसा यांची गोष्ट मिलान शहरातील प्रसिद्ध क्लबाने अनुभवली आहे. २००० साली ए. सी. मिलान या क्लबाने अर्जेंटिनाचा नामांकित खेळाडू फर्नांदो रेदोंदो याला मोठी रक्कम देऊन आणले. आल्या आल्याच सरावात त्याचा गुडघा दुखावला आणि दोन वर्षांहून अधिक काळ तो सामना खेळू शकला नाही. काम न करता मोबदला कसा घ्यावा, असे वाटून या मानी खेळाडूने आपले वेतन थांबवण्यास सांगितले. पुढे २००२ साली क्लबाने खेळाडूंची तपासणी करण्यासाठी एक प्रयोगशाळाच उभारली. तेथे प्रत्येकाच्या सांध्यांची व स्नायूंची वारंवार परीक्षा होई. २००७ साली मिलान युरोपचा विजेता ठरला, तेव्हा त्याचा कर्णधार पाओलो मालदिनी अडतीस वर्षांचा होता! यंत्रांचा जयजयकार झाला. परंतु थोड्याच वर्षांत याच क्लबात अलेशांद्रे पातो हा तरुण आणि अत्यंत गुणी खेळाडू स्नायूंच्या दुखापतींनी पुन्हा पुन्हा बेजार झाला. प्रयोगशाळा तीच होती. तेव्हा सारे काही यंत्रांवर सोपवून भागत नाही.

मग उणे काय राहते? एकस्ट्रांड व त्यांचे सहकारी यांनी याचाही शोध घेतला. सतरा देशांतील छत्तीस मोठ्या क्लबांचा त्यांनी चार हंगाम अभ्यास केला. या वेळी त्यांनी स्नायू तपासले नाहीत. संघाचा मुख्य प्रशिक्षक आणि संघाचे डॉक्टर एकमेकांशी किती व कसे बोलतात, एवढेच विचारले. जेथे हे बोलणे तुटक आणि अपुरे होते, तेथे दुखापतींचा भार अधिक होता. जेथे मनमोकळे होते, तेथे तो कमी होता. निष्कर्ष साधा आहे, पण विचार करण्याजोगा आहे. डॉक्टर म्हणतो, हा पाय अजून कच्चा आहे; प्रशिक्षकाला रविवारचा सामना दिसत असतो; आणि ज्याचा पाय, तो संघातील जागा जाईल या भयाने ‘काही दुखत नाही’ असे म्हणतो. तिघेही आपापल्या जागी खोटे नसतात, तरी पाय मोडतो तो एकाचाच.

वाशीमच्या मैदानावर ना प्रयोगशाळा असते ना संघाचा डॉक्टर. परंतु ‘दुखत नाही’ असे म्हणणारा मुलगा तेथेही असतो. त्याला भित्रा म्हणवून घ्यायचे नसते. दुखणे सांगायला धैर्य लागते, ही गोष्ट मैदानावर क्वचितच कोणी बोलून दाखवतो.

येथील जमिनीचा स्वभावही ध्यानात घेतला पाहिजे. जिल्ह्यात बरीचशी जमीन काळी, भारी. कापूस आणि सोयाबीन यांना ती मानवते. धावणाऱ्या पायांना मात्र तिचा जाच होतो. पाणी प्याली की ती फुगते व घसरडी होते, आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. पावसात मैदानावरून गुरे गेली तर त्यांच्या खुरांचे खळगे उमटतात आणि उघडीप मिळताच ते दगडासारखे कडक होतात. पाय मुरगळण्यास याहून सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

या बाबतीत तालमीतले मल्ल फुटबॉलच्या खेळाडूंपेक्षा शहाणे म्हटले पाहिजेत. कुस्ती धरण्यापूर्वी हौद्यातली तांबडी माती ते फावड्याने उकरून मऊ करतात. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळून तिची निगा राखतात. दंड-बैठका काढून अंग तापल्याशिवाय वस्ताद कोणाला जोडीत उतरू देत नाही. अंग तापवण्याची हीच रीत २००७ च्या हंगामात नॉर्वे देशातील तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींच्या फुटबॉल संघांत शास्त्रोक्त रीतीने अजमावून पाहिली गेली. सुमारे एकोणीसशे मुली या प्रयोगात होत्या. त्यांपैकी निम्म्या संघांनी खेळण्यापूर्वी वीस मिनिटे एक ठरावीक व्यायाम केला: सावकाश धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे किंचित वाकवून अलगद उतरणे, आणि वर सांगितलेला मांडीचा व्यायाम. या मुलींना झालेल्या गंभीर दुखापती इतर मुलींच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आल्या.

वीस मिनिटे वाशीमच्या शाळेजवळही असतात. सामन्यापूर्वी सर्व मुले एका ओळीत उभी राहून मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, तर खुरांचे खळगे, काचेचे तुकडे, वर आलेले दगड नजरेस पडतात. घमेलेभर मातीने ते खळगे बुजतात. उन्हाळ्यानंतर पहिल्या आठवड्यात थोडे, दुसऱ्यात त्याहून थोडे अधिक, असे धावणे वाढवीत नेता येते. कोणाला, कोणत्या पायाला, कोणत्या दिवशी दुखापत झाली, हे शंभर पानी वहीत लिहून ठेवता येते. वहीत एकच नाव तिसऱ्यांदा आले की ते आपोआप डोळ्यांत भरते.

घोटा बरा झाला की नाही, हे पाहण्याचीही एक सोपी खूण आहे. आधी धड पायावर, मग मुरगळलेल्या पायावर, डोळे मिटून अर्धा मिनिट उभे राहावयाचे. शेजारी सोबती हात पुढे करून उभा असतो. दोन्ही पायांवर तोल सारखाच राहिला, तर पुढच्या परीक्षेला हरकत नाही: चालणे, मग सावकाश धावणे, मग वळणे, आणि सर्वांत शेवटी चेंडू. दुखऱ्या पायावर अंग डगमगले, तर त्या दिवशी तो मुलगा रेषेबाहेर बसतो आणि बाहेर गेलेला चेंडू आत फेकण्याचे काम करतो.