प्रवाळद्वीपावरील एक दिवस

केरळच्या किनाऱ्याच्या पश्चिमेस, अरबी समुद्रात, लक्षद्वीप हा भारताचा प्रवाळद्वीपसमूह आहे. येथील सर्व बेटांचे एकत्रित क्षेत्रफळ अवघे सुमारे ३२ चौरस किलोमीटर असून समुद्रसपाटीपासून त्यांची उंची थोड्याच मीटरांची आहे. त्यांपैकी अगत्ती बेटावर एक दिवस घालविल्यास, ज्या जिवांनी हे बेट रचले त्यांचा आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा चांगला परिचय होतो.

निरीक्षणासाठी पहाटे ओहोटी असेल असा दिवस निवडावा. पाणी ओसरले म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर वाळूच्याच रंगाचे खेकडे दिसू लागतात. पावलाची चाहूल लागताच ते बिळांत नाहीसे होतात. रिकाम्या शंखात राहणारा संन्यासी खेकडा आपले घर पाठीवर घेऊन हिंडत असतो. डबक्यांच्या तळाशी समुद्रकाकड्या संथपणे वाळू गिळून तीतील अन्नकण शोषून घेतात, तर समुद्रबगळा उथळ पाण्यात निश्चल उभा राहून माशांची वाट पाहतो. निरीक्षकाने मात्र वाळूवरूनच चालावे. जिवंत प्रवाळावर पडलेले एक पाऊल अनेक वर्षांची वाढ मोडून टाकते.

सूर्य वर आल्यावर काचेच्या तळाच्या होडीतून खारकच्छात जावे. भित्ती आणि बेट यांच्यामधील उथळ व शांत जलाशयास खारकच्छ म्हणतात. येथे पोपटमासे चोचीसारख्या दातांनी खडकावरील शैवल खरवडताना दिसतात. त्याबरोबर पोटात गेलेला चुनखडक दळला जाऊन बारीक वाळूच्या रूपाने बाहेर पडतो. बेटावरील शुभ्र वाळूचा काही भाग अशा रीतीने तयार होतो. शैवल दूर झाल्यामुळे नवीन प्रवाळांना रुजण्यास जागाही मिळते.

सागरी गवताच्या कुरणात हिरवी कासवे चरतात. अगत्तीच्या खारकच्छात एके काळी त्यांची संख्या फार वाढली व कुरण खुरटले; तेव्हा अनेक कासवे दुसऱ्या बेटांच्या खारकच्छांकडे वळली. गवत आणि ते खाणारा प्राणी यांचा समतोल किती नाजूक असतो, हे यावरून ध्यानी येते.

सायंकाळी सुरय पक्षी समुद्रावर घिरट्या घालतात. रात्र झाली म्हणजे भित्तीवरील खरे गवंडी कामाला लागतात. प्रवाळ हा बहुधा काही मिलिमीटर आकाराचा प्राणी होय. अंधारात तो आपल्या स्पर्शिका पसरून सूक्ष्म जीव पकडतो. तथापि त्याचे बरेचसे अन्न त्याच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवल दिवसा सूर्यप्रकाशात तयार करीत असते. या शैवलाच्या साह्यानेच तो चुन्याचा सांगाडा वेगाने रचू शकतो.

ही भागीदारी उष्णतेने मोडते. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीहून केवळ एका अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ शैवलास बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यास विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवळले तर तो पुन्हा सावरतो, अन्यथा उपासमारीने मरतो. लक्षद्वीपात १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. दोन आघातांमधील अवधी पुरेसा नसेल, तर भित्तीची झीज तिच्या वाढीहून अधिक होऊ लागते.

भित्ती झिजली तर लाटांचा मारा थेट किनाऱ्यावर होईल, वाळू वाहून जाईल आणि बेटाच्या पोटातील गोड्या पाण्याचा पातळ थर खारट होईल. विहिरीचे पाणी आणि पायाखालची जमीन या दोहोंसाठी बेटवासी या इवल्याशा प्राण्यावर अवलंबून आहेत. भित्तिरचक प्रवाळांना भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. परंतु समुद्राची उष्णता कायद्याने अडत नाही. ती रोखावयाची असेल, तर समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनीही कोळसा व खनिज तेल यांचा वापर आवरला पाहिजे.